‘कॅप्टन’ का कलंडली

जेम्स मे जागा झाला तो जहाजाच्या हालण्याने. हे रोजचे हालणे नव्हते. ‘कॅप्टन’ या नव्याकोऱ्या ब्रिटिश युद्धनौकेवरच्या तोफांची जबाबदारी त्याच्याकडे होती, आणि मागच्या बुरुजात पंचवीस-पंचवीस टनांच्या दोन तोफा होत्या. असे धूड अंधारात जागचे सुटले तर काय होईल, हे त्याला कोणी सांगायला नको होते. कंदील घेऊन तो बुरुजात गेला. तोफा जखडलेल्या होत्या तशाच होत्या. तेवढ्यात पायाखालचा डेक कलू लागला आणि कलतच गेला. बुरुजाच्या छताला तोफेचा नेम धरण्यासाठी एक भोक ठेवलेले असते. मे त्या भोकातून अंग चोरून बाहेर निघाला, तोवर जहाज आडवे झाले होते.

१८७० सालच्या ६-७ सप्टेंबरची ती रात्र. मध्यरात्र उलटून जेमतेम पाव तास झाला होता. स्पेनच्या वायव्य टोकाला असलेल्या फिनिस्तेर भूशिराच्या पश्चिमेला ब्रिटनच्या अकरा मोठ्या युद्धनौका एकत्र सराव करत होत्या. सकाळी मोजल्या तेव्हा दहा भरल्या. बुडालेल्या जहाजावरची ४७० हून अधिक माणसे गेली आणि अठरा वाचली. शत्रू नव्हता, तोफ डागली गेली नव्हती, खडक नव्हता, टक्करही झाली नव्हती. त्याच वाऱ्यात, त्याच लाटांत बाकीच्या दहा जहाजांनी रात्र काढली.

चिलखती जहाजांनी समुद्री युद्ध कसे बदलले हे सांगताना बहुतेक जण १८६२ सालची अमेरिकेतली ‘मॉनिटर’ आणि ‘व्हर्जिनिया’ यांची झुंज सांगतात. ती सांगायलाच हवी. पण हा बदल नेमका किती खोल होता हे ‘कॅप्टन’च्या प्रकरणात जितके दिसते तितके मला त्या झुंजीत दिसत नाही. लढाईत तोफेचा गोळा चिलखतावर आपटून परत फिरतो, एवढेच कळते. इथे मात्र लोखंड आल्यावर जहाज बांधणाऱ्याचे, चालवणाऱ्याचे आणि त्याला मंजुरी देणाऱ्याचे काम कसे पार वेगळे झाले, आणि ते वेळेवर कोणाच्या लक्षात आले नाही, हे दिसते.

लोखंड का आले

१८२७ साली ग्रीसच्या किनाऱ्यावरच्या नॅव्हारिनोच्या लढाईत ब्रिटिश सेनापतीचे जहाज होते ‘एशिया’. चौऱ्याऐंशी तोफांचे, अस्सल सागवानी, मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेले. संपूर्णपणे शिडाच्या जहाजांनी लढलेली ती शेवटची मोठी लढाई. तेव्हाच्या लढाईची रीत ठरलेली होती. दोन्ही बाजूंना तोफांच्या रांगा, जहाज आडवे करायचे आणि एका दमात सगळी बाजू डागायची. भरीव गोळा लाकडाला भोक पाडी आणि सुतार ते भोक बुजवत. जाड सागवानाचे किंवा ओकचे जहाज नुसत्या गोळ्यांनी बुडवणे सोपे नव्हते.

पोकळ, आत दारू भरलेला, फुटणारा गोळा आला आणि लाकडाचे दिवस भरले. नोव्हेंबर १८५३ मध्ये सिनोपच्या बंदरात रशियन जहाजांनी अशा गोळ्यांनी तुर्की ताफा जाळून टाकला. दोन वर्षांनी, १८५५ च्या ऑक्टोबरात, फ्रेंचांनी रशियाच्या किनबर्न किल्ल्यासमोर लोखंडी पत्रे ठोकलेले तीन तरंगते तोफखाने उभे केले आणि किल्ल्याचे गोळे त्यांवरून घसरून पडू लागले. पुढे १८५९ साली फ्रान्सची ‘ग्लुआर’ पाण्यात उतरली, १८६० साली ब्रिटनची ‘वॉरियर’. ‘वॉरियर’च्या अंगावर साडेचार इंच लोखंड आणि त्यामागे अठरा इंच सागवान होते.

इथून पुढे एक साखळी सुरू होते, आणि ती नीट पाहिली नाही तर ‘कॅप्टन’ कळत नाही. चिलखत आले म्हणून ते फोडायला मोठी तोफ हवी झाली. तोफ मोठी झाली तसे तिचे वजनही वाढले, आणि एका जहाजावर चाळीस-पन्नासच्या जागी मोजक्याच तोफा मावू लागल्या. तोफा चारच असतील तर दोन एका बाजूला आणि दोन दुसऱ्या बाजूला अडकवून ठेवणे परवडत नाही, चारही तोफा हव्या त्या दिशेला वळवता आल्या पाहिजेत. म्हणून फिरता बुरूज आला. पण पंचवीस टनांच्या दोन तोफा, त्यांभोवती नऊ-दहा इंच जाड लोखंडाची भिंत, हे सगळे डेकवर चढवायचे म्हणजे प्रचंड वजन उंचावर न्यायचे. ते खाली आणायचे तर डेकच खाली आणायला हवा, पाण्याच्या जवळ. शिवाय बाजू जितकी बुटकी तितके तिला चिलखत कमी लागते आणि शत्रूला निशाण्यावर दिसतेही कमी.

अमेरिकेच्या ‘मॉनिटर’ने हेच केले होते. तिचा डेक पाण्यावर जेमतेम फूट-दीड फूट. १८६२ च्या मार्चच्या ८ तारखेला ‘व्हर्जिनिया’ने हॅम्प्टन रोड्सच्या खाडीत लाकडी ‘कंबरलँड’ आणि ‘काँग्रेस’ संपवल्या, आणि ९ तारखेला ‘मॉनिटर’ तिच्यासमोर उभी राहिली. तासन्‌तास एकमेकींवर गोळे टाकूनही कोणी कोणाला फोडू शकले नाही. खाडीत हे ठीक होते. पण त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला, दुसऱ्या जहाजाच्या दोराला बांधून नेत असताना, ‘मॉनिटर’ हॅटरस भूशिराजवळ वादळात बुडाली. खाडीचे जहाज आणि समुद्राचे जहाज यांत काय फरक आहे, याचे उत्तर तेव्हाच मिळाले होते.

कोल्सचा हट्ट

कूपर कोल्स हा ब्रिटिश नौदलातला कप्तान. क्रिमियाच्या युद्धात त्याने पिंपे आणि फळ्या जोडून एक तराफा केला, त्यावर तोफ चढवली आणि उथळ पाण्यातून तगानरोग या रशियन बंदरावर मारा केला. मोठ्या जहाजांना जाता येत नव्हते तिथे त्याचा तराफा गेला. त्या अनुभवातून त्याच्या डोक्यात फिरत्या बुरुजाची कल्पना आली आणि १८५९ साली त्याने तिचे पेटंट घेतले. राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट त्याच्या बाजूने होते. ‘रॉयल सॉव्हरिन’ हे तीन मजली लाकडी जहाज कापून, बुटके करून, त्यावर त्याचे बुरूज चढवले गेले आणि ते उत्तम चालले. कोल्सला वेडगळ संशोधक ठरवणे मला पटत नाही. त्याची मूळ कल्पना बरोबर होती. त्याच्याच पद्धतीचा बुरूज असलेली ‘हुआस्कार’ ही छोटी चिलखती नौका चिलीच्या ताल्काहुआनो बंदरात आजही तरंगते आहे.

अडचण पुढे होती. त्याला किनाऱ्याचे रखवालदार जहाज नको होते, जगभर फिरणारे लढाऊ जहाज हवे होते. तेव्हाची वाफेची इंजिने कोळसा अक्षरशः गिळत, आणि वाटेत कोळसा मिळेल अशी बंदरे मोजकीच होती. इंग्लंडच्या जहाजाला हाँगकाँगपासून हॅलिफॅक्सपर्यंत जायचे असे. त्यामुळे पूर्ण शिडे हवीतच, यावर नौदलात जवळजवळ एकमत होते. म्हणजे मागणी अशी झाली: पाण्यालगतचा बुटका डेक, त्यावर बुरुजांचे वजन, आणि त्या सगळ्याच्या वर तीन उंच डोलकाठ्या व भरगच्च शिडे.

कोकणातल्या कोणत्याही तांडेलाला विचारा. शीड वाढवले की तळात नीरम, म्हणजे तोल राखणारे वजन, वाढवावे लागते आणि बाजूला पाण्यावरती पुरेशी उंची लागते. वारा शिडाला ढकलतो तेव्हा होडी कलते, आणि कलल्यावर तिला परत उभे करायला ती बाजूच धावून येते.

ब्रिटिश नौदलाचे मुख्य नौकारचनाकार एडवर्ड रीड यांना हे गणिताने माहीत होते. त्यांनी बुरूज आणि शिडे दोन्ही असलेले ‘मोनार्क’ हे जहाज आखले, पण त्याची बाजू पाण्यावर चौदा फूट ठेवली. कोल्सला ते मान्य नव्हते. एवढे उंच जहाज म्हणजे माझ्या कल्पनेची थट्टा आहे, असा त्याचा सूर होता. त्याने वर्तमानपत्रांतून झोड उठवली. लंडनचा ‘टाइम्स’ त्याच्या बाजूला उभा राहिला, संसदेत त्याचे समर्थक बोलू लागले. मधे त्याचे काम काढून घेतले गेले आणि थोड्याच दिवसांत परत दिले गेले. अखेर १८६६ साली नौदलमंत्री ड्यूक ऑफ सॉमरसेट यांनी तोडगा काढला: कोल्सने स्वतःच्या मनासारखे एक जहाज, खासगी गोदीत, स्वतःच्या जबाबदारीवर बांधून घ्यावे.

ही ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ची अट मला या सगळ्या प्रकरणाचे मूळ वाटते. बर्कनहेडच्या लेअर्ड बंधूंच्या गोदीने आराखडे केले. रीड आणि त्यांचे वरिष्ठ, म्हणजे जहाजबांधणी खात्याचे प्रमुख (कंट्रोलर) स्पेन्सर रॉबिन्सन, यांनी ते पाहून शंका लिहिल्या. जहाज ठरल्यापेक्षा जड होईल, त्याचा गुरुत्वमध्य वर सरकेल, असे रीड यांनी आधीच सांगितले होते. पण आराखडे अडवायचे नाहीत असे वरून ठरलेले. म्हणून खात्याने ‘मंजूर’ हा शब्द टाळला आणि ‘हरकत नाही’ असा शेरा दिला. सरकारी फाइल हाताळलेल्या कोणालाही या दोन शब्दांमधले अंतर लगेच कळेल. मंजूर म्हटले की सही करणारा बांधला जातो. हरकत नाही म्हटले की तो मोकळा. खात्याने जबाबदारी कोल्सवर टाकली. कोल्स त्या काळात आजारी, गोदीपासून दूर. लेअर्ड नामांकित बांधणारे, पण त्यांना मोजून देणारा गिऱ्हाइकाचा माणूस रोज समोर नव्हता. मग जहाजाच्या वजनाचा हिशेब घट्ट धरून कोण बसले होते? कोणीच नाही.

दीड फूट

वजन वाढत गेले, इकडे थोडे, तिकडे थोडे. १८६७ च्या जानेवारीत काम सुरू झाले, मार्च १८६९ मध्ये जहाज पाण्यात उतरले आणि सगळे सामान चढल्यावर ठरल्यापेक्षा सातशे टनांहून अधिक जड भरले. आराखड्यात डेक पाण्यावर आठ फूट असायचा होता. प्रत्यक्षात तो साडेसहा फुटांच्या आसपास राहिला.

तीनशे वीस फूट लांबीच्या जहाजाला दीड फूट म्हणजे काय, असे वाटेल. घरी करून बघण्यासारखा एक प्रयोग आहे. सारख्याच घेराची एक परात आणि एक उभट पातेले घ्या. दोन्हींच्या तळाशी सारखे वजन ठेवा, वर घट्ट झाकण बसवा आणि पाण्याच्या टबात सोडा. बोटाने कडेला हलके दाबा. दोन्ही थोडी कलतील आणि सोडताच उभी राहतील, परात कदाचित जास्तच ठाम वाटेल. आता जोर वाढवा. परातीची कड पाण्याखाली गेली की बोटाला एकदम कळते, समोरून येणारा विरोध वाढायचा थांबला. आणखी थोडे दाबले की ती आपली आपणच उलटते. पातेले मात्र त्याच कोनाला अजून बोटाशी झगडत असते.

यामागचे कारण सोपे आहे. जहाज कलले की खालच्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो, पाणी त्या भागाला वर ढकलते आणि जहाज सावरते. जितके कलावे तितकी जास्त बाजू पाण्यात, तितका जास्त जोर. पण बाजूच संपली, डेकची कड पाण्यात बुडाली, की पाण्यात घालायला नवे काही उरत नाही. ‘कॅप्टन’ची कड साधारण चौदा अंश कलल्यावर पाण्याला लागत होती. तिचा सावरण्याचा जोर एकवीस अंशांवर सर्वांत जास्त असायचा आणि तिथून उतरणीला लागायचा, चोपन्न अंशांच्या आसपास तो शून्य. ‘मोनार्क’चा जोर चाळीस अंशांपर्यंत वाढतच जात असे.

या आकड्यांमधला खरा धोका असा की पहिल्या बारा-चौदा अंशांत दोन्ही जहाजे जवळपास सारखीच वागत. रोजच्या हवेत ‘कॅप्टन’ छान चालायची, डुलायची कमी, तोफेला स्थिर बैठक द्यायची. १८७० च्या मे महिन्यात ती एका वादळातून सुखरूप निघाली. ज्यांनी आयुष्य समुद्रावर काढले त्या अधिकाऱ्यांनी तिची वाखाणणी केली. ते खोटे बोलत नव्हते. लाकडी जहाजावर डोळ्याने आणि तळपायाने कमावलेली जाण त्यांना सांगत होती की जहाज ठाम आहे. ती जाण उंच बाजूंच्या जहाजांवर कमावलेली होती. तिथे जहाज आधी कुरकुरते, लांब कलते, इशारा देते, शिडे उतरवायला वेळ देते. ‘कॅप्टन’ इशारा देणारी नव्हती.

तिच्यावर आणखी एक गोष्ट होती. बुटक्या डेकवर पाणी खेळणार म्हणून माणसांना वावरायला बुरुजांच्या वरून पुढून मागे जाणारा एक अरुंद उंच मजला केला होता, शिडांचे दोर तिथेच बांधलेले असत. जहाज कलले की वारा या मजल्याच्या खालच्या बाजूवर आपटे आणि तिला आणखी ढकले. डोलकाठ्या कोल्सच्या आवडीप्रमाणे तिपायी होत्या, लोखंडी आणि जड. आणि ज्या चौफेर माऱ्यासाठी हा सगळा अट्टहास होता, तो मारा पुढच्या आणि मागच्या उंच भागांमुळे नीट साधतही नव्हता, कारण ते भाग तोफांच्या तोंडासमोरच येत. हे वाचताना मला फार वाईट वाटते. एवढी किंमत मोजून मूळ वस्तू हाती लागलीच नव्हती.

आकडे टेबलावर राहिले

रीड यांच्या खात्याने अखेर जहाज प्रत्यक्ष कलवून मोजायचे ठरवले. १८७० च्या जुलैअखेर पोर्ट्समथला ही चाचणी झाली. एका बाजूचे वजन दुसऱ्या बाजूला नेऊन जहाज किती कलते ते पाहायचे आणि त्यावरून गुरुत्वमध्य काढायचा. मग प्रत्येक कोनाला सावरण्याचा जोर किती, हे कागदावर मोजायचे. हाताने करायचे, वेळखाऊ गणित. ते होईपर्यंत ऑगस्ट सरत आला आणि ‘कॅप्टन’ तोवर समुद्रावर गेली होती. एकवीस आणि चोपन्न हे आकडे तिच्या कप्तानापर्यंत पोहोचले नाहीत. रीड स्वतः जुलैमध्येच राजीनामा देऊन बाहेर पडले होते.

माझ्या मते दोष मोजायचाच तर सर्वांत मोठा इथे आहे. जहाज चुकीचे बांधले गेले, मान्य. पण चुकीचे जहाजही जपून चालवता येते. वारा वाढला की शिडे उतरवा, इंजिनावर चालवा, एवढी एक चिठ्ठी पुरेशी होती.

उलट विश्वास इतका होता की नौदलमंत्री ह्यू चिल्डर्स यांनी आपला मुलगा लेनर्ड याची ‘मोनार्क’वरून ‘कॅप्टन’वर बदली करवून घेतली. लष्कर खात्याचे उपमंत्री लॉर्ड नॉर्थब्रुक यांचा मुलगाही शिकाऊ अधिकारी म्हणून तिच्यावरच होता. हेच नॉर्थब्रुक दोन वर्षांनी व्हाइसरॉय होऊन भारतात आले आणि १८७५ साली बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना त्यांनी पदच्युत केले. आपल्याकडच्या इतिहासात ते त्या प्रकरणापुरते येतात. त्यांच्या घरातला हा घाव मला या जहाजाबद्दल वाचताना कळला.

६ सप्टेंबरला दिवसा ताफ्याचे सेनापती ॲडमिरल अलेक्झांडर मिल्न ‘कॅप्टन’वर पाहणीला आले. कप्तान ह्यू बर्गॉइन आणि स्वतः कोल्स दोघेही जहाजावर होते. वादळ अजून नव्हते, तरी जहाज बारा ते चौदा अंश कललेले आणि खालच्या बाजूला समुद्र डेकवर येऊन बुरुजाच्या पायाशी फुटत होता. मिल्न यांना ते रुचले नाही आणि त्यांनी तसे बोलूनही दाखवले. संध्याकाळच्या आधी ते आपल्या जहाजावर परतले.

रात्री वारा चढला. ‘कॅप्टन’वर शिडे आखडलेली होती, पुढच्या आणि मधल्या डोलकाठीवर थोडीच उरलेली. मध्यरात्री पहारा बदलला. नवी पाळी हजेरीसाठी डेकवर आली तेव्हा जहाज अठरा अंश कललेले होते. एक झोका आला, ती आणखी कलली. बर्गॉइनने वरची शिडे सोडून द्यायचा हुकूम दिला. कोनमापकाकडे पाहून कोणीतरी आकडे ओरडत होते: अठरा! तेवीस! अठ्ठावीस! माणसे उतारावरून घसरत दोरांपर्यंत पोहोचायच्या आधीच ती आडवी झाली, मग पालथी, आणि काही मिनिटांत गेली.

जोराची कमाल एकवीस अंशांवर होती हे लक्षात ठेवून ते तीन आकडे पुन्हा वाचा. अठरापर्यंत जहाज झगडत होते, तेवीसला झगडणे उतरणीला लागले होते. ओरडणाऱ्याला हे माहीत नव्हते.

मे पाण्यात पडला आणि उलट्या तरंगणाऱ्या एका होडीला त्याने पकडले. तिथे बर्गॉइनही होता. थोड्या वेळाने जहाजाची एक मोठी होडी सुलटी, काही माणसे असलेली, जवळून जाताना दिसली. मे आणि आणखी काही जण उड्या मारून तिच्यात पोहोचले, बर्गॉइन नाही पोहोचला. क्रिमियात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला तो माणूस. त्याचे वृद्ध वडील फील्डमार्शल जॉन बर्गॉइन पुढच्याच वर्षी वारले. कोल्स जहाजाबरोबर गेला. मे धरून अठरा जण वल्ही मारत दुपारी फिनिस्तेरजवळ किनाऱ्याला लागले.

चौकशी आणि त्यानंतर

रीतीप्रमाणे वाचलेल्यांवरच लष्करी न्यायालय बसले, पोर्ट्समथ बंदरात उभ्या असलेल्या ‘ड्यूक ऑफ वेलिंग्टन’ या जहाजावर. त्यांच्यावर दोष आला नाही. निकालाचा गाभा असा: शिडांवरच्या वाऱ्याच्या दाबाने आणि त्यात लाटेच्या उसळीने जहाज उलटले. पुरेशी स्थिरता असलेल्या जहाजाला तेवढ्या शिडांनी काहीच झाले नसते. आणि हे जहाज संसदेत व इतर मार्गांनी व्यक्त झालेल्या लोकमताला मान देऊन, कंट्रोलर आणि त्यांच्या खात्याच्या मताविरुद्ध बांधले गेले. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये बुडालेल्यांची नावे कोरलेले पितळी स्मारक आहे, त्यावर निकालाचे हे शब्दही आहेत. स्मृतिफलकावर न्यायालयाचा ठपका कोरलेला क्वचितच सापडतो.

तरी या निकालाशी मी पूर्ण सहमत नाही. लोकमताने दडपण आणले, खरे. पण दडपणाखाली ‘हरकत नाही’ लिहिणाऱ्या खात्याला निकालाने फार सहज सोडले. चाचणीचे आकडे जहाजापर्यंत गेले नाहीत याबद्दल न्यायालयाने खेद नोंदवला, त्यापुढे ते गेले नाही. मुलगा गमावलेल्या चिल्डर्स यांनी दोष रॉबिन्सन यांच्यावर टाकला. १८७१ साल उजाडून थोडे पुढे जाईतो दोघेही आपापल्या पदावर उरले नाहीत.

बदल झाला तो दुसरीकडे. १८७१ साली युद्धनौकांचे आराखडे तपासायला लॉर्ड डफरिन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. हेही पुढे व्हाइसरॉय म्हणून आपल्याकडे आले, १८८४ ते १८८८. समितीत विल्यम थॉमसन म्हणजे नंतरचे लॉर्ड केल्व्हिन होते आणि विल्यम फ्रूड होते. जहाजाच्या छोट्या प्रतिकृती लांब टाकीत ओढून त्यांच्यावर मोजमापे घेणारे हेच फ्रूड. वेगवेगळ्या कोनांना सावरण्याचा जोर दाखवणारी ती वक्ररेषा पुढे प्रत्येक युद्धनौकेच्या कागदपत्रांचा भाग झाली. तळपायाची जाण आणि कागदावरचा आकडा यांत फरक पडला तर कागद खरा धरायचा, हे नौदलाने इथून पुढे मानले.

दुसरा बदल डोळ्यांना दिसणारा होता. रीड यांनी आखलेली ‘डेव्हास्टेशन’ १८७३ साली तयार झाली: बुटका डेक, मधे उंच चिलखती कठडा, त्याच्या दोन टोकांना दोन बुरूज, पुरेसा कोळसा, आणि शिडे अजिबात नाहीत. ‘कॅप्टन’नंतर बुटक्या जहाजाची लोकांना धास्ती बसली होती. पण वर शिडेच नाहीत, तर वारा ढकलणार कशाला? ती नीट चालली. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत मोठ्या युद्धनौका याच वाटेने गेल्या. शिडे काढल्यावर नौदलाचे सगळे बळ कोळशावर आले आणि एडनसारखी कोळशाची बंदरे हातात ठेवणे हा लढाईचाच भाग झाला.

रीड यांच्याच या पद्धतीच्या दोन छोट्या नौका त्या वेळी मुंबईसाठी तयार होत होत्या. मुंबईहून निघालेल्या फौजेने १८६८ साली ॲबिसिनियात (आजच्या इथिओपियात) जाऊन मग्दला किल्ला घेतला होता, त्यावरून त्यांची नावे ठेवली ‘ॲबिसिनिया’ आणि ‘मग्दला’. दोन्ही थेम्सच्या काठी बांधल्या आणि १८७० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पाण्यात उतरल्या. प्रत्येकीवर दोन बुरूज, चार दहा इंची तोफा, आणि डेक पाण्याला टेकल्यासारखा. काम एकच: मुंबई बंदराची राखण. ‘कॅप्टन’ बुडाली त्या हिवाळ्यात ‘मग्दला’ला एवढ्या लांबच्या प्रवासापुरत्या तीन डोलकाठ्या बसवून इकडे पाठवली. तिच्यासारखीच, मेलबर्नसाठी बांधलेली ‘सर्बेरस’ त्याच सुमारास बिस्केच्या उपसागरातून निघून १८७१ च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियाला पोहोचली. तिचे गंजलेले धड मेलबर्नजवळच्या हाफ मून बेमध्ये आजही पाण्यातून डोके वर काढून आहे.

‘मग्दला’ आणि ‘ॲबिसिनिया’ मुंबईच्या बंदरात तीस वर्षांहून अधिक काळ राहिल्या, शिडांशिवाय. ज्या गोदीतून सागवानी ‘एशिया’ बाहेर पडली होती, त्याच किनाऱ्यासमोर परदेशी लोखंडाच्या या दोन बुटक्या नौका नांगरून असत. १८९२ साली ‘मग्दला’च्या तोफा बदलून मागून भरायच्या आठ इंची तोफा बसवल्या. एकाही तोफेवर शत्रूकडे गोळा डागायची वेळ आली नाही. १९०३ मध्ये ‘ॲबिसिनिया’ आणि त्याच्या पुढच्या वर्षी ‘मग्दला’ भंगारात विकली गेली.